चिंच गेली ते साल

उमरीजवळ खापरवाडी नावाच्या गावात एक सरकारी हवामान केंद्र आहे. तारेच्या कुंपणात तापमापी ठेवलेली एक पांढरी झडपांची पेटी, पाऊस मोजायचं नळकांडं, वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण आणि बाष्पीभवन मोजायचं पाण्याचं एक पसरट भांडं, एवढाच त्याचा पसारा. अंबिकाने ते केंद्र कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. पण तिथल्या रोजच्या तापमानाचे गेल्या कित्येक वर्षांचे आकडे तिला जवळजवळ पाठ झाले होते.

अंबिका मूळची उदगीरची. वडील शिवलिंगअप्पांचं तिथे मोंढ्याच्या बाजारात सुतळी-बारदान्याचं दुकान. ती नांदेडच्या विद्यापीठात पीएच.डी. करत होती आणि विष्णुपुरीत दोन मैत्रिणींसोबत खोली करून राहत होती. मराठवाड्याचं हवामान एका शेतापासून पार महासागरापर्यंतच्या लहानमोठ्या मापांवर कसं हेलकावतं, आणि ती मापं एकमेकांत कशी अडकलेली असतात, हा तिचा विषय. अप्पा गिऱ्हाइकांना एवढंच सांगायचे, "पोरगी पावसाचं शिकून राहिली." गिऱ्हाईक लगेच विचारायचं, "मग औंदा कसा हाय?" अप्पा फोन करायचे. अंबिकाकडे उत्तर नसायचं.

तिच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण मात्र पक्कं झालं होतं. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडचं तापमान वर्षानुवर्षं हळूहळू चढत गेलेलं दिसत होतं. खापरवाडीचं तसं नव्हतं. तिथे दोन हजार दहाच्या आसपास आकड्यांनी एकदम उडी मारली होती. दिवस सव्वा अंशाने जास्त तापायला लागले आणि रात्री उलट अर्ध्या अंशाने गार झाल्या. अंबिकाने त्याचं कारण मातीत शोधलं. ओलसर जमीन दिवसा कमी तापते आणि रात्री ऊब धरून ठेवते. ओल गेली की दिवस-रात्रीतलं अंतर वाढतं. म्हणजे त्या भागातली माती कुठली तरी सीमा ओलांडून कायमची कोरडी झाली असावी. तिचे मार्गदर्शक आनंदराज सर या शोधावर इतके खूष होते की ते त्याला 'खापरवाडी परिणाम' म्हणायला लागले होते.

मार्चमध्ये पुण्याच्या एका परिषदेत अंबिकाने हे सगळं पडद्यावर दाखवलं. पुढच्या रांगेत निवृत्त झालेल्या एक शास्त्रज्ञ बाई बसल्या होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तिथे जवळ झाड आहे का?"

"माहीत नाही, मॅडम."

"होतं का?"

सभागृहात कोणीतरी हसलं. अंबिकाही हसली, पण परतीच्या गाडीत तिला काही खाववलं नाही. पेटीवर दुपारची सावली पाडणारं मोठं झाड तुटलं, तर दिवस तापतील आणि आभाळ उघडं पडल्यामुळे रात्री गार होतील. अगदी तिच्या आकड्यांसारखंच. प्रशांत महासागराचं पाणी कोणत्या वर्षी किती कोमट होतं हे तिने हिशेबात धरलं होतं. झाडाचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

नांदेडला आल्यावर तिने सरांना सांगितलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तू केंद्र पाहिलंस ना?"

"नाही, सर. तुम्ही?"

"मी कशाला पाहू?" सर म्हणाले. थोड्या वेळाने चष्मा परत लावत म्हणाले, "जाऊन ये एकदा. झाडबिड काही नसणार. पण जाऊन ये."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती रेल्वेने उमरीला उतरली आणि तिथून ऑटोने खापरवाडीत गेली. शिजवलेली हळद जागोजागी वाळत घातली होती आणि सगळ्या शिवाराला तिचा वास येत होता. केंद्रावरचा माणूस गेल्याच वर्षी किनवटहून बदलून आलेला होता. त्याने कुलूप काढून सगळं दाखवलं. पश्चिमेच्या कुंपणाला अगदी खेटून हळद साठवायची एक पत्र्याची शेड उभी होती. तिचे पत्रे उन्हात असे चमकत होते की अंबिकाला डोळ्यांवर हात धरावा लागला.

"इथे कधी झाड होतं का?"

"मला काय माहीत, मॅडम? शेडवाल्याला विचारा. तेच आले बघा."

शेडवाला म्हणजे भागवत. तिशी ओलांडलेला, हडकुळा, बोलताना हात हलवायची सवय असलेला माणूस. अंबिकाने विचारताच तो म्हणाला, "हाव, होती की चिंच. लई मोठी. ह्याच जागी, जिथं शेड हाय. सावली पार त्या तुमच्या पेटीवर जायची."

अंबिकाने लगेच विचारलं, "कधी तोडली?"

"आबा गेल्यावर. आमचे आबा, ज्ञानोबा. दोन हजार दहाच्या नवरात्रात गेले. त्यांच्या तेराव्याच्या पंगती त्या चिंचेखाली बसल्या, मी स्वतः वाढलं. मंग मी बारावीसाठी परत लातूरला गेलो. उन्हाळ्यात आलो तं चिंच न्हाई. दादानं तोडून इकली होती."

"म्हणजे दोन हजार अकरा?"

"तसंच धरा."

तिने साल मोबाईलमध्ये टिपून ठेवलं. एका माणसाच्या आठवणीवर भागत नाही, निदान दोघांना विचारावं, हे ती शिकली होती. भागवतने दादाचं घर हाताने दाखवलं, स्वतः मात्र आला नाही. ते तिला जरा विचित्र वाटलं, पण तिने फार विचार केला नाही.

वैजनाथ भागवतपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. धिप्पाड, सावकाश बोलणारा. त्याने खाट टाकली, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. अंबिकाने प्रश्न विचारला तसा त्याने वर पाहिलं. "चिंच? ती आबानं तोडायला लावली. जिवंत असताना. साहेब लोक म्हणले होते, यंत्राच्या इतक्या जवळ झाड चालत न्हाई. तव्हा आबानं सांगितलं आन मी तोडली."

"पण भागवतदादा तर म्हणाले, वडील गेल्यानंतर तुम्ही…"

पुढचं तिने गिळलं, पण उशीर झाला होता. वैजनाथ उठला. चप्पल न घालता अंगण ओलांडून, मधला बांध ओलांडून सरळ शेडकडे चालू लागला. त्याची बायको चहाचं पातेलं तसंच सोडून दारात आली आणि म्हणाली, "आवो ताई, काय इचारलंत तुम्ही? वाटणीला नऊ सालं झाली, तव्हापासून हे त्या बांधाच्या पल्याड गेले न्हाईत."

अंबिका मागे धावली. दोघं भाऊ केंद्राच्या कुंपणाजवळ समोरासमोर उभे होते.

"मी आबाच्या मागं झाड इकलं म्हणून सांगतो का तू पाहुण्याला?"

"इकलंस तं इकलंस म्हणतो! आबाच्या नावावर कामून ढकलतो? तेराव्याला पंगती कुठं बसल्या मंग?"

"मांडव होता मांडव! मी बांबू रोवले!"

"चिंच होती!"

आजूबाजूच्या वावरांतून माणसं आली. त्यांनाही विचारून झालं. एक म्हणाला चिंच निवडणुकीच्या साली गेली. दुसरा म्हणाला त्याच्या लेकीच्या लग्नात ती होती. लेकीचं लग्न कोणत्या साली झालं, यावर त्याचं आणि त्याच्या बायकोचं जमेना. केंद्रावरचा माणूस कुंपणाच्या आतून सगळं पाहत होता. तोच म्हणाला, "भांडताय कशाला? मॅडमकडं रोजचं टेंपरेचर आहे. चिंच गेली त्या दिवसापासून ऊन वाढलं असेल. त्यांच्या कॉम्प्युटरला विचारा की."

सगळे अंबिकाकडे पाहायला लागले. ती त्यांना विचारायला आली होती आणि आता ते तिला विचारत होते.

तिने शेडच्या सावलीत बसून लॅपटॉप उघडला. तिला पडद्यावर सगळं दिसत होतं आणि काहीच दिसत नव्हतं. दोन हजार नऊचं साल कोरडं, पाऊस रुसलेला, त्यामुळे आकडे तसेही वर. दोन हजार दहाचा उन्हाळा कडक, पण पुढे भरपूर पाऊस, त्यामुळे आकडे खाली. मग पुन्हा वर. या खालीवर होण्यात उडी नेमकी कुठे लपली होती, हे शोधायला एक गणिती पद्धत होती. ती तिने आधीच वापरली होती.

"काय आलं?" वैजनाथने विचारलं.

"यात एप्रिल दोन हजार दहा आलंय. पण…"

"आबा नवरात्रात गेले," वैजनाथ मोठ्याने म्हणाला. "एप्रिल आधी येतो का नंतर?"

"दादा, थांबा. ते तसं नसतं. एप्रिल म्हणजे एप्रिलच असं नाही. त्याच्या अलीकडे वर्षभर, पलीकडे वर्षभर…"

कोणी थांबलं नाही. वैजनाथ वळून आपल्या घराकडे निघाला. लोक हळूहळू पांगले. भागवत कुंपणाच्या खांबाला धरून उभा होता. मघाचे त्याचे हलणारे हात आता गप्प होते. "मशीन खोटं बोलत न्हाई," तो म्हणाला. "म्हंजे मलाच चुकीचं आठवतं. आबाचं तेरावं सुदिक मला चुकीचं आठवतं."

"तसं नाही भागवतदादा, खरंच तसं नाही," अंबिका म्हणाली. पण मग कसं आहे, हे तिला सांगता आलं नाही.

विष्णुपुरीत परतल्यावर तिने तेच आकडे दुसऱ्या पद्धतीने तपासले. पहिल्या वेळी तिने खापरवाडीची तुलना फक्त नांदेडशी केली होती. आता तिने लातूर आणि निजामाबादही घेतलं. उडी सरकली. फेब्रुवारी दोन हजार अकरा. लातूर वगळून पाहिलं तर ती सप्टेंबर दोन हजार दहावर आली, म्हणजे ज्ञानोबा जाण्याच्या जेमतेम महिनाभर आधी. रात्रीचे आकडे वेगळे घेतले तर दोन उड्या दिसल्या, दोन्ही लहान. तिला हसावं की रडावं कळेना. शिवाय पत्र्याच्या शेडचं काय? ती नंतर कधीतरी झाली. तापलेल्या पत्र्याची धग पेटीपर्यंत जात असेल तर काही वाढ त्या धगीची. काही चिंचेची. काही खरोखर कोरड्या मातीची. काही पूर्ण जगाची. कोणाची किती?

आनंदराज सरांनी सगळं ऐकून घेतलं. "चौथं प्रकरण गेलं म्हणायचं," ते म्हणाले. मग तिचा चेहरा पाहून म्हणाले, "सगळं नाही गेलं. अनिश्चितता वाढवून लिही."

"आणि त्या दोघांना काय सांगू, सर? एकाला मी खोटं ठरवून आले."

"ते आपलं काम नाही. आपण तापमान मोजतो, माणसं नाही."

हे तिला पटलं नाही, पण खोडूनही काढता आलं नाही. तिने भागवतला फोन करून सांगितलं की दुसऱ्या पद्धतीने वेगळं साल येतं, म्हणजे नक्की सांगता येत नाही. भागवतने ती दोन्ही सालं परत विचारून घेतली. मग म्हणाला, "ताई, आदी एक म्हणलात, आता दुसरं. मी कशावर भरोसा ठेवू?" फोन ठेवता ठेवता त्यानेच सुचवलं, "मायला इचारा. ती पुनमताईकडं असती, लातूरला. मी इचारलं तं रडती, म्हणून मी कधी इचारलं न्हाई."

अक्षय्य तृतीयेला उदगीरला घरी जाताना अंबिका लातूरला उतरली. पुनम म्हणजे दोन भावांमधली बहीण. शिकवणी वर्गांच्या भागात तिची खानावळ होती. दुपारची जेवणं आटोपली होती, बाहेर टँकरचं पाणी टाकीत चढत होतं. मागच्या खोलीत साखराबाई लसूण सोलत बसल्या होत्या. छोट्याशा, पांढऱ्याशुभ्र केसांच्या, आणि ऐकू येत नसल्यासारखं दाखवणाऱ्या, पण सगळं ऐकणाऱ्या. पुनमने दिलेलं पाणी पिऊन अंबिकाने त्यांच्याशेजारी बसून लसूण सोलायला घेतला आणि मग हळूच चिंचेचा विषय काढला.

साखराबाई रडल्या नाहीत. "तुला कशाला पायजे गं बाई चिंच?"

"मावशी, ती कधी तुटली हे कळलं तर ऊन किती वाढलं ते कळेल."

"ऊन वाढलंच हाय. त्याला चिंच कशाला?" असं म्हणून त्यांनी आणखी दोन पाकळ्या सोलल्या. मग आपण होऊनच बोलायला लागल्या. "मालक पावसाळाभर पडून होते. वसरीवर खाट. समोर चिंच. त्यांना चिंचेखाली त्यांचा थोरला भाऊ बसलेला दिसायचा. तो मरून जमाना झालता. ते त्याला हाका मारायचे, जेवायला ये म्हणायचे. तो आला न्हाई की घास खायचे न्हाईत. दोन-दोन दिवस. मी हैराण झाले. शेवटी मीच वैजूला म्हणलं, तोड ती चिंच. मीच."

अंबिकाने विचारलं, "आणि वैजनाथदादांनी तोडली?"

"फांद्या तोडल्या. खोड ऱ्हायलं. एवढं खोड एका दिवसात कुठं तुटतंय? ते नंतर उन्हाळ्यात काढलं, मालक गेल्यावर. तेराव्याला मांडवाची दोरी त्याच खोडाला बांधली होती." त्यांनी पदराने नाक पुसलं. "पर फांद्या गेल्या तसं मालक रोज इचारायचे, माझी चिंच कुठं गेली? मी म्हणायचे, तुमीच तोडायला लावली की, साहेब आले होते न्हाई का? ते म्हणायचे, हाव का? बरं. दुसऱ्या दिवशी परत तेच. जेवले मात्र. शेवटपर्यंत नीट जेवले."

 एका क्षणात दोन्ही भाऊ खरे ठरत होते. आकड्यांतल्या त्या दोन लहान उड्यांचाही अर्थ लागत होता. पण वैजनाथने इतकी वर्षं आईचं नाव का घेतलं नाही? आबांना जसं सांगितलं जात होतं, तसंच त्याने सगळ्यांना सांगितलं असेल?

"मावशी, हे भागवतदादांना सांगाल का? ते फार मनाला लावून घेऊन राहिलेत. मी आत्ता फोन लावते."

साखराबाईंनी मान हलवली. ती होकाराची होती असं अंबिकाला वाटलं. तिने फोन लावून स्पीकरवर टाकला. पुनमही दारात येऊन उभी राहिली.

"माय," भागवत म्हणाला, "चिंच कोणी तोडली?"

साखराबाईंनी फोनकडे पाहिलं. लसणाची पाकळी दोन बोटांत धरलेली तशीच राहिली. "तुझ्या आबानं तोडायला लावली, बाळा. साहेब आले होते न्हाई का?"

"आबा जिवंत होते तव्हा?"

"मंग? मेल्यावर कोण सांगतंय?"

 पलीकडून कुठेतरी इंजिन चालल्याचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "बरं, माय. जेवलीस का?"

फोन ठेवल्यावर अंबिका साखराबाईंकडे बघत राहिली. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, घाबरलेपण नव्हतं. त्या पुन्हा लसूण सोलायला लागल्या होत्या. मघाशी आपण जे ऐकलं ते खरं, की आत्ताचं? बाईंना लेकापुढे ते बोलता आलं नाही, की नवऱ्याला रोज सांगता सांगता तेच त्यांच्या मनात खरं होऊन बसलं? बाहेर निघताना तिने पुनमला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, ताई?"

"मी तव्हा सासरी होते," पुनम म्हणाली. "माय कधी हे सांगती, कधी ते. तुम्हाला मघा जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकलं."

अंबिका उदगीरला गेली, दोन दिवस राहिली. अप्पांनी विचारलं, "कामात काय अडचण हाय का, पोरी?" तिने सांगायचा प्रयत्न केला. अप्पा सगळं लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे झाड होतं हे नक्की ना?" तेवढं नक्की होतं.

ती नांदेडला परतली त्या सकाळी वैजनाथचा फोन आला. तिचा नंबर त्याने केंद्रावरच्या माणसाकडून घेतला होता. "मॅडम, मायनं काय सांगितलं तुम्हाला?"

अंबिका घुटमळली. ऐकलेल्या दोन गोष्टींपैकी कोणती सांगायचा आपल्याला हक्क आहे, हे तिला कळत नव्हतं. "फोनवर त्या म्हणाल्या की आबांनी तोडायला लावली. भागवतदादांनीही ऐकलं."

"आन फोनच्या आदी?"

तिने उत्तर दिलं नाही.  "असू द्या," तो म्हणाला. "तसंच धरा." त्याच्या आवाजात सुटका होती की दुखावलेपण, ते तिला ओळखता आलं नाही.

जुनं साल आता सापडणार नाही, हे तिने मनाशी मान्य केलं. पण झाडाच्या सावलीने खापरवाडीत तापमान किती बदलतं, हे आजही मोजता येण्यासारखं होतं. एक पेटी झाडाखाली, एक उघड्यावर, वर्षभर. आपोआप नोंद करणारं यंत्र घ्यायचं तर विद्यापीठाची मंजुरी मिळेपर्यंत पावसाळा उलटला असता. सरांनी विभागाच्या कपाटातून जुने, पण चांगले तापमापी काढून दिले. त्यांचा रोजचा उच्चांक आणि नीचांक कोणीतरी वाचायचा आणि वाचून झाल्यावर ते पूर्ववत करायचे. दोन्हीकडे एकाच वेळी, नाहीतर तुलना फसते.

खापरवाडीत मोठं झाड आता एकच राहिलं होतं, वैजनाथच्या विहिरीजवळचा कडुनिंब. आणि आसपास काहीच नाही अशी उघडी जागा भागवतकडे होती, शेडपासून लांब, बांधाला लागून. अंबिका दोघांकडे वेगवेगळी गेली. माफी मागितली. वैजनाथ म्हणाला, "त्यात माफी कसली? तुम्ही आपलं इचारलं." भागवतने पेटी ठेवायला आपणच चार विटा रचल्या. दोघांनीही एकच अट घातली, की यात चिंचेचा निकाल निघणार नाही ना? तिने सांगितलं, निघणार नाही. त्यावर दोघेही तयार झाले.

रोज सकाळी दोघांचे आकडे तिच्या व्हॉट्सॲपवर यायला लागले. एकाच वेळी वाचायचं म्हणून भागवत बांधावरून हाक मारायचा, "झालं का?" आणि विहिरीकडून "हाव" यायचं, हे तिला वैजनाथच्या बायकोने सांगितलं. त्यापलीकडे दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. मे महिन्यात फरक तिच्या अंदाजाइतकाच आला. जूनमध्ये पाऊस पडला तसा तो कमी होत गेला. जुलैमध्ये काही दिवस चक्क उलटा झाला आणि कडुनिंबाखालची रात्र उघड्यापेक्षा गार निघाली. असं का व्हावं, यावर सर आणि ती दोन दिवस डोकं फोडत होते. ओल, वारा, पानांचं पाणी सोडणं, काय काय लावून पाहिलं. काहीच नीट बसलं नाही.

ऑगस्टच्या मध्यात सलग चार दिवस दोन्ही पेट्यांचे आकडे एकाच मोबाईलवरून आले. आणि त्यातला फरक जवळजवळ शून्य होता. अंबिकाला शंका आली की एकाच पेटीचे आकडे दोनदा लिहिलेत. तिने वैजनाथला फोन लावला.

"न्हाई हो मॅडम, दोन्ही वाचले. भागवत मायला आणायला लातूरला गेलता. पुनमकडं पाण्याचा लई तरास झाला, म्हणून मायला इकडं आणली. म्हणून मीच दोन्हीकडचं पाहिलं."

"पण फरक कसा काय नाही?"

"ढग होते ना चारी दिवस. सूर्य दिसला न्हाई. सावलीत काय आन उघड्यावर काय." मग तो म्हणाला, "पर एक सांगतो. एकटाच होतो, तं कडुनिंबाचं वाचून मंग बांध ओलांडून जायचो. तेवढ्यात पाव तास जायचा. ते चालतं का?"

"माय कुठे आहेत?"

"सध्या भागवतकडं. पुढच्या महिन्यात माझ्याकडं."

अंबिकाने फोन ठेवला. ढगांचे ते चार दिवस महत्त्वाचे होते. सावलीचा परिणाम काढून टाकल्यावर दोन पेट्यांत मुळात किती फरक आहे, हे त्यांतूनच कळणार होतं. पण वाचन एकाच वेळी झालेलं नव्हतं. घ्यावेत की गाळावेत? तिने सरांना विचारलं. सर म्हणाले, "नियमाने गाळ." मग स्वतःच म्हणाले, "पण ढगांचे दिवस पुन्हा असे सलग कधी मिळतील?" दोघं पडद्याकडे पाहत बसले. बाहेर पाऊस थांबला होता आणि विभागाचा शिपाई चहासाठी हाका मारत होता.